जिम मॉरिसनचे नेमके काय उरते?

रानजाई

नमस्कार. पुण्यात आमचे एक घरगुती श्रवणमंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण एकत्र जमतो, एखाद्या कलावंताच्या तबकड्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मग त्यावर बोलतो. जुलैच्या बैठकीसाठी मी 'द डोअर्स' या अमेरिकन बँडचा गायक जिम मॉरिसन याचे नाव सुचवले, कारण 3 जुलै 1971 रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पॅरिसमधील एका भाड्याच्या घरात त्याचा मृत्यू झाला होता. इतक्या वर्षांत आमच्या मंडळात कोणत्याही नावावरून झाला नव्हता एवढा वाद या एका नावावरून झाला.

एका सदस्याचे म्हणणे असे की मॉरिसन हा रॉक संगीतातील सर्वांत मोठा कवी होता आणि त्याच्यावर एक संध्याकाळ पुरणार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की तो चांगल्या आवाजाचा, देखणा, पण दारूत बुडालेला तरुण होता, त्याच्या कविता महाविद्यालयीन वहीतल्या आहेत, आणि तो म्हातारा होऊन मेला असता तर आज कोणी त्याचे नावही घेतले नसते. तिसऱ्या सदस्या म्हणाल्या की या माणसाने आपल्या सहकाऱ्यांना, जोडीदारांना आणि पैसे मोजून आलेल्या श्रोत्यांना जसे वागवले ते पाहता त्याच्या नावाने संध्याकाळ साजरी करणेच त्यांना पटत नाही. ही तिन्ही मते ऐकताना मला जाणवले की प्रत्येक जण वेगळ्याच माणसाविषयी बोलत आहे.

मी स्वतः हा बँड आवडीने ऐकते, पण माझी आवडही पूर्ण निःशंक नाही. जानेवारी 1967 मधला पहिला अल्बम आणि एप्रिल 1971 मधला 'एल. ए. वुमन' हे दोन मला आजही पूर्ण ऐकावेसे वाटतात. मधल्या चार अल्बमांत मात्र अशा जागा आहेत जिथे शब्दांचे ओझे चालीला पेलवत नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारते : अकाली मृत्यू, छायाचित्रे आणि दंतकथा बाजूला ठेवल्या तर मॉरिसनचे नेमके काय उरते? आणि त्याच्या वागण्याविषयी बैठकीत बोलावे का, व बोलायचे झाल्यास कसे?

जुनी तबकडी

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही दंतकथा केव्हा आणि कशी उभी राहिली हे पाहणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेकांची ओळख जिवंत मॉरिसनशी झालेलीच नाही. मी स्वतः 1980 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत एका मित्राकडून मिळालेल्या कॅसेटवर त्याला प्रथम ऐकले, तेव्हा त्याच्या मृत्यूला पंधराहून अधिक वर्षे झाली होती. त्या कॅसेटबरोबर मित्राने जी माहिती सांगितली ती जवळजवळ सगळी मृत्यूविषयीची होती.

मृत्यूनंतर लगेच त्याचा देव झाला, असे घडलेले नाही. बँडमधल्या उरलेल्या तिघांनी त्याच्याशिवाय दोन अल्बम काढले, ते फारसे चालले नाहीत, आणि 1973 मध्ये बँड विसर्जित झाला. नंतर 1978 मध्ये त्याच्या कवितावाचनाच्या जुन्या ध्वनिफितींना संगीताची जोड देऊन एक अल्बम निघाला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटाच्या सुरुवातीलाच 'द एन्ड' हे गाणे वाजले आणि एका नव्या पिढीच्या कानावर पडले, तर 1980 मध्ये त्याचे गाजलेले चरित्र प्रसिद्ध झाले. 1981 मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले तेव्हा तो देखणा आहे आणि मृत आहे, हेच त्याच्या आकर्षणाचे वर्णन म्हणून छापले. 1991 मध्ये ऑलिव्हर स्टोन यांचा चित्रपट आला. त्यातला मॉरिसन इतका सतत नशेत आणि उन्मादात दाखवलेला आहे की बँडचा ऑर्गनवादक रे मँझारेक याने तो आपला मित्र नव्हेच, असे उघडपणे सांगितले. म्हणजे ज्या मॉरिसनवरून तुमच्या मंडळात वाद झाला, तो बऱ्याच अंशी त्याच्या मृत्यूनंतरच्या वीस वर्षांत इतरांनी घडवलेला आहे.

आता कवितेविषयी. मला त्याच्या छापील कविता कमकुवत वाटतात, हे मी स्पष्टपणे लिहितो. त्याने 1969 मध्ये स्वखर्चाने दोन पुस्तिका मोजक्या प्रतींत छापल्या, पुढच्या वर्षी त्या एकत्रित स्वरूपात एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढल्या, आणि स्वखर्चाच्या पुस्तिकांवर त्याने जेम्स डग्लस मॉरिसन असे पूर्ण नाव घातले होते. गायक म्हणून मिळालेली कीर्ती कवितेच्या आड येऊ नये, अशी त्याची इच्छा त्यात दिसते आणि तिच्याविषयी मला आदर आहे. तो व्यासंगी वाचक होता, यातही शंका नाही. फ्रेंच कवी आर्थर रँबो यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद करणारे अमेरिकन प्राध्यापक वॉलेस फाउली यांना त्याने 1968 मध्ये आभाराचे पत्र पाठवले होते. हा पत्रलेखक कोण, हे त्या प्राध्यापकांना तेव्हा ठाऊकही नव्हते, आणि पुढे त्यांनीच रँबो आणि मॉरिसन या दोघांवर पुस्तक लिहिले. पण वाचन मोठे असणे आणि कविता मोठी असणे या भिन्न गोष्टी आहेत. कागदावरच्या त्याच्या ओळी बहुधा सुट्या प्रतिमांपाशी थांबतात. एका प्रतिमेतून दुसरी उगवत नाही.

त्याच ओळी गाण्यात मात्र वेगळ्या होतात. गाण्यात त्याला थांबावे लागते, लयीत बसावे लागते, वादकांसाठी जागा सोडावी लागते, आणि जे कागदावर त्याला सोसत नाही ते बंधन येथे त्याच्या उपयोगी पडते. म्हणून माझे उत्तर असे आहे की तो कवी म्हणून फारसा उरत नाही, गीतकार म्हणून बराच उरतो, आणि गायक म्हणून जवळजवळ पूर्ण उरतो.

खर्ज

जुनी तबकडी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण त्या गायकाच्या मागे तीन वादक होते आणि वादात त्यांचे नावही येत नाही, ही मला या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. मी सतार शिकलो आणि हौसेने गिटार वाजवतो, त्यामुळे मला जे कानाने दिसते तेवढेच सांगतो.

या बँडमध्ये बास गिटारवादक नव्हता. रंगमंचावर मँझारेक उजव्या हाताने ऑर्गन वाजवत असे आणि डाव्या हाताने एका छोट्या कीबोर्डवर खालचे स्वर सांभाळत असे. ध्वनिमुद्रणात अनेकदा बाहेरचा बासवादक बोलावला जाई, पण बँडची मूळ ठेवण त्या डाव्या हाताची होती, आणि म्हणून या संगीताचा पाया थोडा यांत्रिक, संमोहक आणि पुन्हापुन्हा त्याच जागी येणारा आहे. आपल्याकडे लेहरा धरला की तबलजीला जसे मोकळे रान मिळते, तसे ड्रमवादक जॉन डेन्समोर याला या पायावर मोकळे रान मिळे. तो जॅझ ऐकत वाढला होता आणि गायकाच्या शब्दांना उत्तर दिल्यासारखा वाजवत असे. गिटारवादक रॉबी क्रीगर फ्लामेंको ही स्पॅनिश गिटारशैली शिकलेला होता, त्यामुळे तो तार छेडायच्या पातीने (पिकने) न वाजवता बोटांनी वाजवत असे.

'लाइट माय फायर' हे ज्या गाण्याने 1967 च्या जुलैमध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला आणि ज्यामुळे जगाला मॉरिसन कळला, ते गाणे मुख्यतः क्रीगरचे आहे. अल्बमवरील मूळ रूपात मधले लांबलचक ऑर्गन आणि गिटारवादन दोनच कॉर्ड्सच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) आलटूनपालटून येणाऱ्या आवर्तनावर उभे आहे आणि त्यामागे जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाचा आदर्श होता, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. नभोवाणीवर वाजवण्यासाठी हाच भाग कापून गाणे तीन मिनिटांचे करण्यात आले. ज्यांनी फक्त ते छोटे रूप ऐकले आहे त्यांनी गायक ऐकला, बँड ऐकलाच नाही.

आपल्या वाचकांसाठी 'द एन्ड' विषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. सुमारे पावणेबारा मिनिटांचे हे गाणे 1966 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाले. क्रीगरने गिटारच्या तारा अशा लावल्या आहेत की एक स्वर तानपुऱ्यासारखा सतत गुंजत राहतो, आणि त्यावर तो अगदी सावकाश, एकेक स्वर उघडत जातो. त्याला राग म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्यात रागाचे नियम नाहीत. पण आलापातून हळूहळू जोडाकडे आणि अखेरीस द्रुत लयीच्या उद्रेकाकडे जाण्याची जी कल्पना आहे, ती कुठून आली हे आपल्या कानाला लगेच कळते. याविषयी एक चुकीची समजूत प्रचलित आहे, ती येथे दुरुस्त करतो. क्रीगर आणि डेन्समोर हे पंडित रविशंकर यांच्या किन्नर संगीत विद्यालयात गेले होते आणि तिथे शिकून त्यांनी हे गाणे केले, असे सांगितले जाते. ते दोघे तिथे काही काळ गेले हे खरे आहे. मात्र 1962 साली मुंबईत सुरू झालेल्या या विद्यालयाची लॉस एंजेलिसमधील शाखा 1967 मध्ये निघाली, म्हणजे गाणे त्याआधीच ध्वनिमुद्रित झाले होते. त्या शहरातल्या तरुण वादकांनी तबकड्यांवरून आपले संगीत आधीच कानात साठवले होते, असा याचा अर्थ होतो. हे चौघे एकत्र आले तेही महर्षी महेश योगींच्या ध्यानवर्गामुळेच. मँझारेकची डेन्समोर आणि क्रीगर यांच्याशी गाठ तिथे पडली.

या सगळ्या बांधणीत मॉरिसनचे काम काय, असे कोणी विचारील. तो कोणतेही वाद्य धड वाजवत नसे आणि त्याला स्वरलेखनही येत नसे. तो चाली मनात धरून ठेवी आणि गाऊन दाखवी. पण त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या ज्या शिकवून येत नाहीत. एक म्हणजे खर्जाकडे झुकणारा, भरीव, न थरथरणारा आवाज, जो फ्रँक सिनात्रासारख्या जुन्या गायकांच्या पद्धतीने माइकच्या अगदी जवळ येऊन शब्द ठेवतो. दुसरी म्हणजे थांबण्याची जाण. 'द एन्ड' मध्ये तो कित्येक आवर्तने काही गातच नाही आणि तरी ऐकणाऱ्याला तो समोर उभा असल्याची जाणीव राहते. ज्याला हे जमते त्याला मी नुसता देखणा तरुण म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहितो. सुरुवातीच्या अल्बमांवर सर्व गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे आहे आणि उत्पन्नाचे चार समान भाग आहेत. ज्याच्या चेहऱ्यावर तबकड्या विकल्या जात होत्या त्याने ही वाटणी मान्य केली, हे त्या व्यवसायात सर्रास घडत नाही. 1968 मध्ये तो जागेवर नसताना इतर तिघांनी 'लाइट माय फायर' ब्यूक मोटारीच्या जाहिरातीसाठी देण्यास संमती दिली, तेव्हा तो इतका चिडला की ती जाहिरात दाखवली गेल्यास रंगमंचावर घणाने ब्यूक फोडीन असे म्हणाला. ती जाहिरात थांबली. पुढे त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी असाच एक फार मोठ्या रकमेचा प्रस्ताव कॅडिलॅक मोटारीसाठी आला, तेव्हा डेन्समोरने एकट्याने नकार दिला आणि त्यासाठी मॉरिसनचा हाच राग कारण म्हणून सांगितला. जिवंतपणी ज्याचा सर्वांत जास्त त्रास या ड्रमवादकाने सोसला, त्याच्याच शब्दासाठी तो नंतर आपल्या दोन सहकाऱ्यांविरुद्ध न्यायालयात उभा राहिला. दंतकथेपेक्षा मला ही गोष्ट अधिक मोठी वाटते.

नदीकाठ

मी संगीतातली जाणकार नाही, पण रानजाई यांच्या दुसऱ्या प्रश्नावर मला लिहिलेच पाहिजे असे वाटले.

माझा धाकटा भाऊ एक्केचाळिसाव्या वर्षी यकृताच्या आजाराने गेला. तो चांगला चित्रकार होता. त्याच्या खोलीत भिंतीवर मॉरिसनचे ते प्रसिद्ध, उघड्या अंगाचे, हात पसरलेले छायाचित्र होते, आणि त्याच्या मित्रांमध्ये असे मानले जाई की थोर कलावंत असेच जळतात. त्याच्या मृत्यूला मॉरिसन जबाबदार आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. पण त्या भिंतीवर 1967 चा तेवीस वर्षांचा मुलगा होता. 1970 च्या अखेरचा, सुजलेल्या चेहऱ्याचा, दाढी वाढलेला, न्यू ऑर्लिन्सच्या रंगमंचावर मध्येच गाणे सोडून माइकचा दांडा फळ्यांवर आपटत राहिलेला मॉरिसन तिथे नव्हता. ती 12 डिसेंबर 1970 ची मैफल या बँडची त्याच्यासह झालेली शेवटची मैफल ठरली, कारण त्यानंतर इतर तिघांनी त्याला रंगमंचावर नेणेच थांबवले. हे मी भावाच्या मृत्यूनंतर वाचले. आधी वाचले असते तर ते छायाचित्र मी त्याच्याशेजारी बसून उतरवायला लावले असते, असे मला अजूनही वाटते.

व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्यांना काही गोष्टी लगेच ओळखू येतात. डेन्समोर यांनी 1990 मध्ये लिहिलेले आत्मकथन मी याच कारणाने वाचले. त्यात ते मेलेल्या मित्राला पत्रे लिहितात, त्याला जाब विचारतात आणि स्वतःलाही विचारतात की मी वेळेवर बोललो का नाही. हा प्रश्न व्यसनी माणसाच्या बहिणीचा, बायकोचा आणि आईचा असतो. एवढ्या सगळ्या चाहत्यांच्या लेखनात मला माझ्या ओळखीचा वाटलेला हा एकच आवाज.

आणि त्याची जोडीदार पामेला कोर्सन हिच्याविषयी आपण कधी बोलणार? पॅरिसच्या त्या घरात स्नानाच्या टबात त्याचे शव तिला दिसले. शवविच्छेदन झाले नाही, दाखल्यावर हृदय बंद पडल्याचे कारण लिहिले गेले, आणि त्यामुळे आजपर्यंत लोक तिच्याविषयी हवे ते लिहीत आले आहेत. मृत्युपत्राने त्याने सर्व काही तिला दिले होते, पण त्याने तिचे काही भले झाले नाही. तीन वर्षांच्या आत, एप्रिल 1974 मध्ये, तीही गेली. तिचेही वय सत्तावीसच होते. त्याच्या वयाची सर्वत्र दंतकथा झाली. तिचे वय कोणाला आठवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की बैठक जरूर करावी, गाणी जरूर ऐकावीत, पण दारूला त्याच्या प्रतिभेचे कारण म्हणून सांगू नये. त्याची पहिली आणि सर्वांत चांगली गाणी दारूने त्याचा ताबा घेण्याआधीची आहेत. नंतरच्या अल्बमांत तो जिथे चांगला गायला तिथे तो दारू असूनही चांगला गायला.

वकिली बाणा

मायामीच्या खटल्याविषयी अनेकदा अर्धवट माहिती दिली जाते, म्हणून केवळ त्याविषयी लिहितो. 1 मार्च 1969 रोजी मायामीच्या डिनर की सभागृहात झालेल्या मैफलीत मॉरिसन उशिरा आणि मद्यधुंद अवस्थेत आला, फारसे गायला नाही आणि श्रोत्यांना चिथावत राहिला, याविषयी कोणाचे दुमत नाही. त्याने कपडे उतरवून अश्लील अंगप्रदर्शन केले का, हा वादाचा मुद्दा होता. वॉरंट निघाले ते चार दिवसांनी, वृत्तपत्रांत गदारोळ झाल्यावर. त्याच महिन्यात मायामीच्या ऑरेंज बोल मैदानात सभ्यतेच्या समर्थनार्थ सुमारे 30 हजार लोकांची सभा झाली आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तिचे कौतुक करणारे पत्र पाठवले. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच तो एका गायकापुरता राहिला नव्हता.

1970 च्या सप्टेंबरमध्ये ज्यूरीने अश्लील वर्तनाच्या गंभीर आरोपातून आणि सार्वजनिक मद्यधुंदपणाच्या आरोपातून त्याला मुक्त केले, पण अंगप्रदर्शन आणि असभ्य भाषा या दोन किरकोळ गुन्ह्यांत दोषी ठरवले. त्या रात्रीची अनेक छायाचित्रे न्यायालयापुढे आली. एकातही तो प्रकार दिसत नव्हता. मद्यधुंद होता हे तो स्वतः नाकारत नव्हता, आणि नेमक्या त्याच आरोपातून तो सुटला, यावरून निकालाची संगती किती होती ते वाचकांनी ठरवावे. ऑक्टोबरच्या अखेरीस सहा महिने कैद आणि 500 डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील प्रलंबित असताना तो जामिनावर पॅरिसला गेला आणि तिथेच मरण पावला. 9 डिसेंबर 2010 रोजी फ्लोरिडाच्या क्षमादान मंडळाने, गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांच्या पुढाकाराने, त्याला मरणोत्तर माफी दिली. उरलेल्या तिघा सहकाऱ्यांची भूमिका अशी होती की जे घडलेच नाही त्याची माफी नको. फ्लोरिडाने क्षमा मागावी. मला व्यक्तिशः ही भूमिका कायद्याच्या दृष्टीने रास्त वाटते, कारण माफीत गुन्हा गृहीत धरलेला असतो.

या खटल्यातील एक कागद मात्र बैठकीत वाचण्यासारखा आहे. मॉरिसनचे वडील जॉर्ज स्टीफन मॉरिसन हे अमेरिकन नौदलात रिअर अ‍ॅडमिरल पदापर्यंत पोहोचले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये, ज्या टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर व्हिएतनाम युद्ध भडकले, त्या वेळी तेथील नौदलाच्या तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मुलाने बँडच्या पहिल्या प्रसिद्धीपत्रकात आईवडील मरण पावले असल्याचे लिहिले होते. ते दोघेही तेव्हा हयात होते. याच वडिलांनी 1970 मध्ये फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांना मुलासाठी पत्र लिहिले. तुझ्यात या दिशेने काहीच गुण नाहीत, तेव्हा गाण्याचा नाद सोड, असे आपणच पूर्वी त्याला कठोर शब्दांत लिहिले होते आणि त्यानंतर तो आपल्याशी बोलेनासा झाला, हे त्यात ते स्वतः सांगतात, आणि तरीही तो मुळात चांगला नागरिक आहे अशी ग्वाही देतात.

सेनकाठची मराठी

मी पॅरिसमध्ये नऊ वर्षे राहते आणि पेर लाशेज हे कबरस्तान माझ्या नेहमीच्या फिरण्याच्या वाटेवर आहे, म्हणून वडिलांविषयीचा धागा पुढे नेते. मॉरिसनच्या कबरीवर आज जी धातूची पाटी आहे ती त्याच्या वडिलांनी बसवलेली आहे. तिच्यावर नाव आणि सालांखाली ग्रीक भाषेत एक ओळ कोरली आहे : 'काता तोन दायमोना एआऊतू'. तिचा अर्थ आपल्या अंतरात्म्याला अनुसरून, असा सांगितला जातो, पण 'दायमोन' हा शब्द प्राचीन ग्रीकमध्ये देवतेसाठी, नशिबासाठी आणि माणसाच्या आत वसणाऱ्या शक्तीसाठीही येतो. मला तो वाचताना आपल्याकडचा 'संचार' हा शब्द आठवतो, कारण त्यात वारा अंगात येणेही आहे आणि तो कुठून आला याविषयी न बोलणेही आहे. मुलाशी शेवटी संबंध न उरलेल्या एका नौदल अधिकाऱ्याने ही ओळ निवडली, म्हणून मी प्रत्येक वेळी तिथे थांबते.

कबरीभोवती लोखंडी अडथळे आहेत, कारण चाहत्यांनी आजूबाजूच्या इतरांच्या कबरींवर बाण काढून आणि नावे लिहून ठेवली होती. त्या कुटुंबांचा विचार कोणी केला नाही, याचे मला वाईट वाटते. 1981 मध्ये क्रोएशियन शिल्पकार म्लादेन मिकुलिन यांनी घडवलेला अर्धपुतळा तिथे बसवला होता. तो 1988 मध्ये चोरीला गेला आणि तब्बल 37 वर्षांनी, 2025 च्या मे महिन्यात, दुसऱ्याच एका प्रकरणाचा तपास करताना पॅरिसच्या पोलिसांना सापडला. 7 जुलै 1971 रोजी त्याला इथे पुरले तेव्हा मात्र पाचच माणसे हजर होती आणि त्यांत बँडमधला एकही सहकारी नव्हता.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. नदीकाठ, आपला प्रतिसाद मी मंडळातील त्या सदस्यांना वाचून दाखवला ज्यांनी बैठकीलाच विरोध केला होता. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "या ताई येणार असतील तर मीही येते." आपण पुण्यात किंवा जवळपास असाल तर अवश्य या, आणि येणे शक्य नसेल तर हाच मजकूर वाचण्याची परवानगी द्यावी.

आपल्या सर्वांच्या लेखनानंतर मी बैठकीची आखणी बदलली आहे. माझ्या मूळ योजनेत सुरुवातीला छायाचित्रे आणि जीवनपट होता. तो मी काढून टाकला आहे. आता भिंतीवर काहीही न लावता, नावही न सांगता, आधी 'लाइट माय फायर' चे सात मिनिटांचे मूळ रूप आणि मग 'द एन्ड' पूर्ण ऐकवीन, आणि खर्ज यांनी लिहिलेला तारांविषयीचा भाग त्यानंतर वाचला जाईल. जुनी तबकडी यांच्या मताची कसोटी घेण्यासाठी दोन छापील कविता आणि त्याच काळातली दोन गाणी शेजारी ठेवणार आहे. त्यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे : काही छोट्या गद्य टिपणांत, विशेषतः चित्रपट पाहणे आणि पाहणारा माणूस यांविषयी त्याने चित्रपटशास्त्राचा विद्यार्थी असताना जे लिहिले त्यात, मला एक स्वतंत्र नजर दिसते, आणि ती मी वाचून दाखवीन. मग मायामी, वडिलांचे पत्र, आणि पामेला.

शेवटी 'रायडर्स ऑन द स्टॉर्म' ठेवले आहे. हे गाणे 'एल. ए. वुमन' मधले शेवटचे. जुना निर्माता काम सोडून गेल्यावर हा अल्बम बँडने आपल्या तालमीच्या जागेतच ध्वनिमुद्रित केला. या गाण्यात मॉरिसनने गायलेल्या ओळींवर त्याच्याच आवाजातल्या कुजबुजीचा दुसरा थर चढवलेला आहे, इतका हलका की लक्ष दिल्याशिवाय ऐकू येत नाही. आमच्या घरातला ध्वनिवर्धक जुना आहे आणि त्यावर तो थर पुसला जातो असा माझा अनुभव आहे. खर्ज, आपल्याकडे चांगले ध्वनिवर्धक असतील आणि दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ते आणणे शक्य असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.